हाडाले पुरा आराम

माणसाला दोन जिने चढायला सांगितले की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मी त्याची शेती माझ्या नावावर लिहून मागितली. गोळी सांगा, घेईल. सुई सांगा, दंड पुढे करील. कोणा बाबाने सांगितलेला कडू काढा नाक दाबून पिईल आणि वर शेजाऱ्यालाही पाजील. पण 'खुर्चीवरून हात न टेकता उठून दाखवा' म्हटलं, की झाला चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. अख्खी नोकरी मी हे चेहरे बघण्यात घालवली. त्यामुळे या अंकासाठी 'हृद्य आठवणी' लिहून पाठवा असा निरोप आला, तेव्हा मला हसू आलं. माझ्या आठवणींना घामाचा वास येतो, आणि तो घामही बहुतेक वेळा माझाच.

मी फिजिओथेरपिस्ट. तेलंगणातल्या आदिलाबादला सरकारी दवाखान्यात होते, आता निवृत्त आहे. हा शब्द आमच्याकडे कोणाच्या जिभेवर बसला नाही. तेलुगू बोलणारे मला 'एक्सरसाइज म्याडम' म्हणत, मराठी माणसं 'करंटवाली बाई', आणि अगदीच अडाणी लोक 'मालिशवाली'. अडाणी म्हणताना मी शाळेच्या दाखल्याबद्दल बोलत नाही, मला मालिशवाली म्हणणाऱ्यांत दोन हेडमास्तर होते. करंटवाली का, तर आमच्याकडे एक यंत्र असतं. दुखऱ्या जागी पट्ट्या लावायच्या आणि बारीक विजेच्या मुंग्या सोडायच्या. दुखणं जरा दबतं, तेवढ्यात माणसाने हालचाल करून घ्यावी, एवढाच त्याचा उपयोग. पण लोकांचा सगळा जीव त्या यंत्रात. "म्याडम, मी झोपतो, तुमी करंट लावा." झोपतो म्हणे! म्हणजे मेहनत मी करायची, आणि बरे हे व्हायचे. असे रोज येत.

दुसरी कटकट नसेची. आमच्या भागात दुखणारी प्रत्येक गोष्ट नस असते. नस दबली, नस चढली, नस सरकली. स्नायू हा शब्द फक्त शाळेच्या पुस्तकात. मांडीवर हात ठेवून मी विचारायची, "हा एवढा मोठा गोळा कशाचा?" उत्तर यायचं, "मांस हाये ना." बरोबर आहे, मांसच आहे. पण त्या मांसाचं काम काय, हे विचारायची बुद्धी कोणाला होत नसे.

खोटं कशाला बोलू, आम्हाला तरी कुठे पुरतं शिकवलं होतं! आमच्या पुस्तकात स्नायू म्हणजे हाड ओढणारी दोरी. ओढली की पाय उचलला, सोडली की खाली. पुढे नोकरीत असताना एका शिबिराला गेले, तिथे कळलं की ही दोरी बोलते. थायरॉइडची ग्रंथी रक्तात आपला रस सोडते आणि तो अंगभर फिरून हुकूम देतो, हे आता घरोघरी माहीत आहे. तसेच काही रस काम करणारा स्नायूही रक्तात सोडतो. त्यांना मायोकाइन म्हणतात. हे निरोप यकृताकडे जातात, चरबीकडे जातात, हाडाकडे जातात, मेंदूपर्यंतसुद्धा पोचतात. साखर कशी वापरायची, साठा कधी मोकळा करायचा, अंगातली बारीक सूज कशी आवरायची, यात त्यांचा हात असतो. शिवाय राबणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, तो फायदा वेगळा. हे सगळं अजून पूर्ण उलगडलेलं नाही, आणि पाय हलवला की सगळे रोग पळतात असं सांगणाऱ्याला मी दारात उभं करणार नाही. पण एवढं पक्कं, की हे निरोप स्नायू राबला तरच नीट निघतात. पडून राहणाऱ्याच्या मांडीतून फारसं काही निघत नाही.

हे सगळं मी एकदा उटनूरच्या एका कापड दुकानदाराला समजावून सांगितलं. पोट पुढे, साखर वर, बोटात अंगठ्या. गडी डोळे विस्फारून ऐकत होता. मला वाटलं, लागला बाण. शेवटी पुढे वाकून हळूच विचारतो, "म्हंजे म्याडम, औषध मांडीतूनच निघते?"

"हो."

"मंग ते इंजेक्शनात कुटं भेटते?"

मी म्हटलं, "तुमच्याच दुकानात भेटतं. वरच्या फळीवरचे तागे स्वतः काढत चला."

"नोकर कायले ठेवले मंग?"

पुढल्या खेपेला साहेबांनी मला फोनवर आपला फोटो दाखवला. कमरेला थरथरणारा पट्टा बांधलेला, पट्टा याला हलवतोय, आणि याच्या हातात जिलबी. नोकरांच्या मांड्या मात्र ठणठणीत होत्या, त्या मी दुकानात जाऊन बघून आले.

अशांचा मला राग येत नाही, नुसती कीव येते. राग आला तो प्रल्हादचा. त्याच्यावरच लिहायचं म्हणून बसले होते, आणि करंट लावत बसले.

प्रल्हादची आई गिरजाबाई. बेल्याकडच्या एका गावची, घरचा भाजीचा मळा. वांगी, अंबाडी, सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. हैदराबादला शिकत असताना मी भाजीवाल्याकडे सांबार मागितला की तो मला हॉटेलचा रस्ता दाखवायचा. गिरजाबाई टोपली घेऊन बसने आदिलाबादच्या बाजारात यायची आणि उकिडवी बसून दिवसभर विकायची. मी तिची कायमची गिऱ्हाईक. मी भाव केला की म्हणायची, "काऊन बाई, दवाखान्यात करता काय असा भाव? तिथं तं गुमान देता." तिची ती बैठक बघून मला फार बरं वाटायचं. उतारवयात अशी उठबस करणारी बाई, तिच्या मांड्या काय निरोप धाडत असतील! साखर होती तिला, पण एका गोळीत गुमान राहायची.

एका उन्हाळ्यात ती मळ्यातल्या पाटावर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. गावाबाहेरच्या एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. हे मला कळलं ते पुष्कळ उशिरा, पावसाळा सरून गेल्यावर. तिची सून सुनंदा बाजारात भेटली. मी विचारलं, "काय गं, सासू दिसत नाही?" तशी ती रस्त्यातच रडायला लागली.

"आत्याबाई खाटेवरच हायेत म्याडम. साखर वर जाऊन राह्यली, डॉक्टरानं गोळ्या वाढवल्या तरी खाली येत नाही. खोकला लागला. अन् आता माणूस इसरून राह्यल्या. परवा मले म्हणल्या, तू कोनाची वं?"

"खाटेवर? अजून? हाड जुळलं नाही का?"

"जुळलं असन. पण डॉक्टरानं आराम सांगतला ना."

"कोणत्या डॉक्टरने?"

"ऑपरेशनवाल्यानंच. हाडाचा फोटो पाह्यला अन् म्हणले, 'हड्डी कू पूरा आराम है अब. फिजिओ कू दिखाव.' मंग हे म्हणले, हाडाले पुरा आराम पाह्यजे, तं करंट कायले लावाचा? तवापासून पलंगाच्या खाली पाय टेकू देल्ला नाही."

मी तिथेच मिरचीवाल्याच्या पोत्यावर बसले. ते डॉक्टर तेलुगू, त्यांची हिंदी आमच्याकडची, निजामाच्या वेळची. तीत 'आराम है' म्हणजे बरं झालं. हाड पूर्ण बरं झालं, आता फिजिओकडे न्या, चालवा! आणि या शहाण्याने त्याचं मराठी केलं, हाडाले पुरा आराम. पार उलटं केलं.

"अगं, बरं झालं म्हणत होते ते!" मी ओरडलेच. "आपण नाही का आजाऱ्याला विचारत, आराम हाये काय म्हणून?"

 सुनंदा हळूच म्हणाली, "म्हंजे झोपवाचं नोतं?"

आता सांगा, या प्रल्हादला काय म्हणावं? जन्म याच भागात गेला. स्वतःच्या किराणा दुकानात दिवसभर हिंदी, तेलुगू, मराठी तिन्ही बोलतो. 'आराम हाये काय' हे रोज दहा जणांना विचारत असेल. त्याला दोन्ही अर्थ ठाऊक होते. त्यातला जो आपल्या मोठेपणाला शोभला, तो त्याने उचलला.

हे मोठेपण मी दुसऱ्याच दिवशी घरी जाऊन पाहिलं. नवा सागवानी पलंग, आणि तो मांडलेला कुठे, तर ओसरीत, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असा. येणारा-जाणारा म्हणायचा, "प्रल्हाद म्हंजे श्रावणबाळ हाये, मायले तळहातावर ठेवलं." हा किराणा दुकानात गादीवर बसून मान डोलवायचा. सेवा प्रल्हादची, आणि शौचाचं भांडं सुनंदाच्या हातात. ती घरी नसली तर मात्र यालाच धरावं लागायचं, आणि मग तो पडदा लावून घ्यायचा.

गिरजाबाईने मला ओळखलं नाही. मी चादर बाजूला केली. मांडी म्हणायची ती चीज उरलीच नव्हती, हाडावर सैल कातडी लोंबत होती. माकडहाडापाशी कातडी लाल होऊन फुटायच्या बेतात. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' म्हणतात ना? खाटल्यावर हरी काय देतो ते मी आयुष्यभर धुतलंय आणि पुसलंय.

प्रल्हाद दुकानातून आला. हात जोडून, गोड आवाजात. अशा गोड आवाजाच्या मुलांची मला जुनी धास्ती आहे.

"म्याडम, वय झालं तिचं. जलमभर राबली. आता कायले तरास देता? काई कमी हाये काय आमच्या घरी?"

"वय झालं? उन्हाळ्यात टोपली घेऊन बस पकडणारी बाई दिवाळीच्या आत म्हातारी झाली?"

"पडल्यावर असंच होते."

"पडल्याने नाही झालं, पाडून ठेवल्याने झालं." मग जरा दमाने घेतलं. म्हटलं, याच्या भाषेत सांगावं. "हे बघ प्रल्हाद, तुझ्या दुकानाचं शटर महिनोन्‌महिने खाली पाडलं तर काय होईल? माल पोचवणारा येणार नाही, गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, आतला माल उंदीर खातील. आईच्या मांडीचं तेच झालंय. तिथून साखरेला, हाडाला, डोक्याला निरोप जात होते, ते बंद पडले. शटर उघड."

त्याने विचार केला. मला वाटलं, आता कळलं. म्हणतो, "पण दुकान बंद काऊन ठेवीन मी?"

मी कपाळावर हात मारला.

"अन् पडली तं?" तो पुढे म्हणाला, आणि आता आवाजातला गोडवा गेला होता. "पुन्हा हाड मोडलं तं? गावातले लोकं थुकतीन माह्यावर. म्हणतीन, म्हातारीले सुखानं मरूही देल्लं नाही."

खरं कारण बाहेर आलं. तो वाईट मुलगा नव्हता, तसा असता तर माझं काम सोपं झालं असतं. तो भ्यायलेला होता, आणि भीतीला त्याने मातृभक्तीचं नाव दिलं होतं. मला त्याची तेवढी दया यायला हवी होती. नाही आली.

तो गेल्यावर मी पलंगाशी वाकले आणि गिरजाबाईला विचारलं, "तुम्हाला काय पाहिजे?"  ती एकदम, बाजारात बोलायची तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, "बाई, मले सोताच्या पायानं परसाकडं जाऊ द्या. पोराच्या समोर उघडं व्हा लागते हो. त्याच्यापेक्षा मेलेलं बरं." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

सुनंदा पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, रडू नकोस, टॉवेल आण.

टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. बघणाऱ्याला वाटेल, हा काय व्यायाम! पण मांडीचा मोठा गोळा तेवढ्यानेही जागा होतो. पहिल्या दिवशी तो नुसता फुरफुरला. गिरजाबाईने मला शिव्या दिल्या, "मुर्दा बसो तुहा, कायले छळतं मले?" मी खूश झाले. शिव्या द्यायला दम लागतो. त्याच डॉक्टरांना फोन करून पायावर भार द्यायला हरकत नाही ना, तेही विचारून घेतलं. त्यांनी आधी विचारलं, "अभी तक नहीं चलाए क्या?" आणि मग हरकत नाही म्हणून सांगितलं.

दुपारी प्रल्हाद दुकानात गेला की सुनंदा कामाला लागायची. आधी गुंडाळी, मग पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसणं, मग बसल्या बसल्या पाय सरळ करणं, मग वॉकर धरून उभं राहणं. मी जमेल तशी जायची. सुनंदाने कधी चुकवलं नाही. घरातली अंडी आणि डाळ ती सासूच्या ताटात जास्त वाढू लागली, कारण मी दटावलं होतं की नुसता व्यायाम करवून उपाशी ठेवलंत तर गोळा कशाचा भरणार. प्रल्हादला वाटायचं, गोळ्यांनी गुण येतोय. मी त्याला तसंच वाटू दिलं.

गुण येत होता हे खरं. खोकला उतरला. साखर खाली आली, डॉक्टरांनी वाढवलेली गोळी काढून टाकली. आणि एक दिवस मी गेले तर आतून आवाज, "सुनंदे, वरणात मीठ टाकतं का मातीत टाकतं वं?" सुनंदाचा चेहरा असा फुलला, की जणू सासूने तिला पाटल्या दिल्या. नावानिशी शिवी आली होती! हे सगळं एकट्या मांडीने केलं असं मी छातीठोक सांगणार नाही. बसतं झाल्यावर छातीतला कफ सुटतो, दोन माणसं बोलायला लागतात, त्याचाही वाटा आहेच. पण मांडी हलली नसती तर यातलं काहीच झालं नसतं.

पहिल्यासारखी मात्र ती कधीच होणार नव्हती. वाया गेलेल्या दिवसांची भरपाई त्या वयात पूर्ण होत नाही. बाजारातली उकिडवी बैठक गेली ती गेलीच, रॉड टाकलेल्या पायाने तसं बसायचंही नसतं. आणि तिच्यासारख्या कितीजणी गावोगाव ओसऱ्यांमध्ये चादरीखाली वितळत गेल्या, ज्यांच्या सुना मला बाजारात भेटल्या नाहीत. त्यांची आठवण आली की कोणी कौतुकाने 'मुलं फार जपतात हो' म्हटलेलं मला सहन होत नाही.

एके दिवशी भर दुपारी आम्ही तिघी अंगणात होतो. गिरजाबाई वॉकर धरून उभी. संडास अंगणाच्या टोकाला, आत सुनंदाने कमोडची प्लास्टिकची खुर्ची ठेवलेली, भिंतीला धरायला गज ठोकून घेतलेला. तेवढ्यात दुकानात सुटे पैसे संपले म्हणून प्रल्हाद घरी आला आणि फाटकातच थबकला.

"माय! कोनं उठवलं तुले?" धावत आला, बायकोवर ओरडला, "मारून टाकतं काय तिले? अन् म्याडम, तुमाले सांगतलं होतं ना मी!" आणि आईला काखेत हात घालून उचलायला वाकला.

मी मध्ये पडणार होते. शब्द अगदी जिभेवर आले होते माझ्या. पण गिरजाबाईने वॉकरवरचा एक हात सोडला. मी मनात म्हटलं, आता पडते ही. तिने त्या हाताने पोराचा हात बाजूला सारला.

"हात नको लावू."

"माय, पडशीन ना!"

"पडीन तं मी पडीन. तू काऊन बोंबलतं?"

"डॉक्टरानं आराम सांगतला होता, माय!"

"मंग तू कर. पलंग रिकामाच हाये, जाय, झोप त्याच्यावर."

आणि निघाली. वॉकर पुढे, मग चांगला पाय, मग थांबणं. नाही, चुकले, वॉकर, मग मोडका पाय, मग चांगला. मी शिकवलं होतं तसं, अगदी बरोबर, आणि मी लिहिताना चुकले. वाटेत दोनदा ती श्वास घ्यायला थांबली. आम्ही तिघंही मागे, हात अर्धवट पुढे धरून. तिने मागे वळून बघितलं नाही. दाराशी पोचली, गज धरला, वॉकर आत ओढला, दार लोटलं. आणि आतून कडी लावल्याचा आवाज आला.

प्रल्हाद दारावर जाऊन आदळला. "माय, कडी नको लावू! आत काही झालं तं दार तोडा लागन!"

"तोड मंग," आतून गिरजाबाई म्हणाली. "पण आधी सर तिकडं. बाईमाणूस आत हाये, समजत नाही काय तुले?"

प्रल्हाद सरला. दोन पावलं मागे येऊन, पाठ फिरवून उभा राहिला, आणि मान खाली घातली. सुनंदा पदर तोंडात धरून हसत होती, हसता हसता रडायला लागली. 

गिरजाबाईने वेळ लावला. मला वाटतं, मुद्दाम लावला. इतके दिवस दर वेळी कोणीतरी डोक्याशी उभं राहून 'झालं काय?' विचारायचं. त्या दुपारी आम्ही तिघं अंगणात उन्हात उभे होतो, आणि विचारायची कोणाची छाती झाली नाही.